मदत हवी आहे: नागीण बरी झाली, पण आग जात नाही

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. आईला (वय ७१) गणपतीच्या आधी डाव्या बरगडीवर नागीण उठली होती. फोड सुकून चार महिने झाले, पण आग तशीच. ब्लाऊजचा काठ टेकला तरी कळवळते, पंख्याचा वारासुद्धा सोसत नाही. घरात सुती साडीचा पदर त्या बाजूला येऊ नये म्हणून पिनेने टाचून ठेवते.

फार्मसीतून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या ती महिनाभर जेवणानंतर घेत होती. गुण शून्य, वर पित्त. डॉक्टर म्हणाले, या गोळ्या सूज उतरवतात, पण इथं दुखावलेली नसच चुकीचे संदेश पाठवतेय, तिथं त्यांचा फारसा उपयोग नाही. शिवाय आईला बीपीची गोळी चालू, तिच्यासोबत या गोळ्या म्हणजे किडनीलाही धोका. (हे आधी कळलं असतं तर!) आता रात्री प्रीगाबालिन ७५ (नसांच्या दुखण्यावरची गोळी) दिलंय. आग थोडी कमी वाटते, पण सकाळी उठताना झोकांड्या जातात. न्हाणीघरात पडली तर काय, हीच धास्ती.

कुणाच्या घरी असं झालंय का? गरगरणं काही दिवसांनी कमी होतं का? लिडोकेनचा पॅच (त्वचेला बधिर करणारी औषधी पट्टी) डिचोली-म्हापशात मिळतो का, आणि बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) वेदनांसाठी वेगळी ओपीडी आहे का? गोळी बदलायची ती डॉक्टरांना विचारूनच. अनुभव मात्र कळवा. 'कडुलिंबाचा लेप लावा' सांगणाऱ्या शेजारच्या काकू आमच्याकडे आहेतच.