मदत हवी आहे: २२ फुटी होडीसाठी नांगर कोणता घ्यावा?

नमस्कार. आमची मढला फायबरची २२ फुटी होडी आहे, मागे आउटबोर्ड इंजिन. वडील आणि मी, दोघंच जातो. काम मुख्यतः गळानं मासेमारीचं, त्यामुळे तासन्‌तास नांगरावर थांबावं लागतं. कधी मालाड खाडीच्या तोंडाशी जिताडा-शिंगाळ्यासाठी, तिथे तळाला नुसता मऊ गाळ. कधी बाहेर खडपावर, म्हणजे खडकाळ तळावर, हेकरू, तांबोशीसाठी.

सध्याचा नांगर सळया वाकवून वेल्डिंग केलेला, चार नखांचा, साधारण ८ किलोचा. कड्यालाच ३० मीटर पिवळा पीपीचा (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकचा) दोर बांधलाय, चेन नाही. खडपावर घट्ट धरतो, कधी कधी इतका की निघता निघत नाही. गाळात मात्र सुकतीला (ओहोटीला) टाकला की धरतो आणि भरती निम्म्याच्या वर गेली की घसरायला लागतो. उधाणाला तर हमखास. रात्री दोघांचाही डोळा लागला आणि होडी खडकाकडे सरकली तर काय, ही धास्ती मला स्वस्थ बसू देत नाही.

दुकानदार म्हणतो १५ किलोचा न्या. तो ओढणं वडिलांना आता झेपणार नाही. वजन वाढवून खरंच फरक पडेल का? दोन्ही ठिकाणी एकच नांगर चालेल का? आणि दारूखान्यात, म्हणजे मुंबईतल्या जहाजांच्या भंगारबाजारात, जुने मिळतात, ते घ्यावेत का? नारळी पौर्णिमेच्या आत सगळं तयार ठेवायचं आहे. कृपया अनुभवी मंडळींनी सांगावं.

प्रतिसाद:
खाडीच्या तोंडाशी सुकतीला पाणी किती असतं?

धागाकर्ता:
तीन वाव धरा काका.

प्रतिसाद:
मग दुखणं नांगरात कमी आणि दोरात जास्त आहे. तीन वाव म्हणजे साडेपाच मीटर. नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, पाण्यावरची उंची एक मीटर धरली तर साडेसहा. ३० मीटर दोर म्हणजे जवळजवळ साडेचार पट, म्हणून सुकतीला धरतो. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं. तेच साडेसहाचे ११ झाले आणि तुझा दोर तीन पटही उरला नाही. दोर उभा झाला की नांगर आडवा ओढला न जाता वर उचलला जातो, आणि वर उचललेला नांगर १५ किलोचा असला तरी घसरतो. हिशोब नेहमी भरतीच्या पाण्याचा करायचा: कमीत कमी पाच पट, वारा असेल तर सात. तुला ५५ मीटर तरी हवाच, ८० घेतलास तर रात्री निर्धास्त.

पीपीचा दोर या कामाला नको. तो तरंगतो, इंजिनाच्या पंख्यात जायची भीती, उन्हात कडक होऊन तुटतो. नायलॉन घे. तो बुडतो आणि ताणला जातो, त्यामुळे लाटेचा हिसका नांगरापर्यंत तसाच पोहोचत नाही. नांगर आणि दोर यांच्यामध्ये ६ मिमी गॅल्व्हनाइज्ड चेन, सहा-सात मीटर. ती तळाला पडून राहते आणि नांगराचा दांडा खाली धरते. शॅकलची (चेन जोडायच्या कडीची) पिन तारेनं बांधायला विसरू नकोस, हलून हलून ती आपोआप उघडते.

प्रतिसाद:
वरचं सगळं बरोबर. तरी गाळात नखांचा नांगर बदलाच. बारीक नखं मऊ चिखलातून वाट काढत जातात. तिथे दोन रुंद पात्यांचा डॅनफोर्थ हवा, सहा-सात किलोचा पुरे. त्याची पकड वजनावर नसते, पाती रुतण्यावर असते. पात्याचा कोन बदलता येणारा मिळाला तर मऊ गाळासाठी मोठा कोन ठेवा.

त्याचा एक दोष आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. दर सहा तासांनी पाणी फिरतं, होडी उलटी ओढली जाते आणि डॅनफोर्थ निघून येऊ शकतो. पात्यांत चिखल अडकला असेल तर पुन्हा रुततही नाही. म्हणून पाणी फिरायच्या वेळी दोघांपैकी एकानं जागं राहायचंच. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवा, रेष मोडली की समजा घसरतोय.

खडपावर मात्र डॅनफोर्थ नको, जुनाच ठेवा. तिथे चेन नखांच्या मुळाशी पक्की करा आणि वरच्या कड्याला फक्त बारीक सुतळीनं बांधा. अडकला की जोरात ओढायचं, सुतळी तुटते आणि नांगर मागून उचलला जातो. ही सोय दिवसा, जागे असतानाच. सुतळीच्या भरवशावर झोपू नका.

दारूखान्यात चेन चांगली मिळते. जुना नांगर घेताना दांडा वाकलेला नाही ना आणि पात्याची बिजागरी मोकळी फिरते ना, एवढं हातानं तपासा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. भरतीचा हिशोब वडिलांना सांगितला, त्यांनाही पटला. डॅनफोर्थ आणि चेन मिळून १२ किलोच्या आसपास जाईल, ओढायला जमेल का? आणि अंधारात किती दोर सोडला ते कसं कळणार?

प्रतिसाद:
हातानं उपटू नकाच. दोर उभा झाला की नाळेच्या खुंट्याला बांधा आणि इंजिनानं हळू पुढे जा, नांगर होडीच्या जोरानं सुटेल. इंजिनाकडच्या बाजूला कधीही बांधू नका, लाट मागून आत येते. दोराच्या पिळात दर दहा मीटरवर चामड्याची पट्टी ओवा, दहाला एक, वीसला दोन. अंधारात बोटांना कळतं.