मराठी सबटायटल्स करताना काय बिघडतं, का बिघडतं, उपाय काय? (अनुभव धागा)

रात्रपाळी

कोरियन मालिका, ॲनिमे, तुर्की मालिका बघता बघता स्वतःच मराठी सबटायटल्स करायला बसलेले इथे बरेच आहेत. कोणाच्या घरच्या ज्येष्ठांना इंग्रजी पाट्या झेपत नाहीत आणि हिंदी डबिंग ऐकवत नाही. कोणाला निव्वळ हौस आहे. या धाग्यात कामाचं तेवढं लिहा: कोणतं सॉफ्टवेअर, कोणती सेटिंग, कुठे गाडं अडतं. 'माझा प्रवास' नको. कोणता नायक जास्त देखणा यावर भांडायला दुसरे धागे आहेत.

सुरुवात मी करते. एसआरटी ही सबटायटल्सची साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. एक तुकडा असा दिसतो:

12
00:01:15,200 --> 00:01:18,040
तू आता निघ.

वर क्रमांक, मग वेळ, मग संवाद, मग एक रिकामी ओळ. सगळे घोळ इथेच होतात. दोन तुकड्यांमधली रिकामी ओळ गेली की पुढचा क्रमांक आणि वेळ संवादासकट पडद्यावर झळकतात. उलट, संवादाच्या मध्येच चुकून रिकामी ओळ पडली तर पुढचा अर्धा संवाद गायब होतो, कारण प्लेअरच्या लेखी तुकडा तिथे संपला. मिलिसेकंदांच्या आधी स्वल्पविराम हवा, टिंब नाही. टिंब चालतं ते व्हीटीटी या सबटायटल्सच्या दुसऱ्या प्रकारच्या फाइलला. आणि मराठी कीबोर्ड चालू राहून वेळेच्या ओळीत १, २, ३ असे देवनागरी आकडे पडले तर बहुतेक प्लेअर तो तुकडा वाचतच नाहीत. संवादात मात्र देवनागरी आकडे खुशाल वापरा.

चष्मिष्ट

फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) यूटीएफ-८ आहे ना, हे बघितल्याशिवाय खिडकी बंद करू नका. 'एएनएसआय' निवडून सेव्ह केलं की अख्खा मराठी मजकूर प्रश्नचिन्हं होऊन बसतो, आणि तो परत येत नाही. ही दिसण्यातली गडबड नसते, फाइलमध्येच प्रश्नचिन्हं लिहिली जातात. विंडोज १० च्या २०१९ मधल्या अपडेटपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ धरतं, पण जुन्या मशीनवर अजूनही निवडून द्यावं लागतं.

प्रश्नचिन्हांऐवजी 'à¤' अशी आगगाडी दिसत असेल तर घाबरू नका. मजकूर शाबूत आहे, प्लेअर चुकीच्या एन्कोडिंगने वाचतोय एवढंच. प्लेअरच्या सबटायटल सेटिंगमध्ये यूटीएफ-८ करा, विषय संपला.

घड्याळजी

सबटायटल मागेपुढे होतं, अशी तक्रार सगळेच करतात आणि मग एकेक संवाद हाताने सरकवत बसतात. आधी निदान करा. पहिला संवाद आणि अगदी शेवटचा संवाद, दोन्ही ठिकाणी फरक मोजा.

दोन्हीकडे सारखाच फरक, समजा ३ सेकंद: पूर्ण फाइल ३ सेकंद सरकवा. नुसतं बघायचं असेल तर व्हीएलसी या प्लेअरमध्ये 'जी' आणि 'एच' या कळा दाबा, एका दाबाला ५० मिलिसेकंद. 'एच'ने पाटी उशिरा येते, 'जी'ने लवकर.

सुरुवातीला फरक नाही आणि पुढे वाढत जातो: हा फ्रेम रेटचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) पळतात त्याचा मामला. फाइल २३.९७६ च्या प्रतीवरून केलेली असते आणि तुमच्याकडे असते २५ ची प्रत. युरोपातल्या टीव्हीसाठी चित्रपट किंचित वेगाने पळवायची पद्धत होती, त्यातून हे आलं. दोन तासांचा चित्रपट २५ वर साधारण १ तास ५५ मिनिटांत संपतो, म्हणजे दर मिनिटाला जवळपास अडीच सेकंदांची तूट. इथे सरकवून काही होत नाही, पूर्ण फाइल त्या प्रमाणात आकसावी लागते. 'सबटायटल एडिट' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सिंक्रोनायझेशनच्या मेनूत 'चेंज फ्रेम रेट' आहे, तिथे जुना आणि नवा आकडा भरा. आकडे ठाऊक नसतील तर 'पॉइंट सिंक' घ्या: सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक संवाद योग्य वेळेला टेकवला की मधले सगळे आपोआप बसतात.

तिसरा प्रकार म्हणजे मध्येच एका जागी अचानक उडी. तुमच्या प्रतीत तिथे जाहिरातीचा तुकडा किंवा 'मागील भागात' जास्तीचं आहे, नाहीतर कापलंय. त्या जागेपासून पुढचे सगळे संवाद निवडून तेवढेच सरकवा.

मधली सुट्टी

वेळा बसल्या म्हणजे काम झालं असं नाही. खरी रड भाषांतरात आहे, कारण आपण कोरियनवरून करत नाही, इंग्रजी फाइलवरून करतो. इंग्रजीत तीन गोष्टी गळून पडतात आणि मराठीला तिन्ही लागतात.

एक, बोलणाऱ्याचं लिंग. फाइल समोर ठेवून, चित्र न बघता भाषांतर केलं की दाढीवाला खलनायक 'मी तिला बघितलं आणि परत आले' म्हणतो. दोन, आपण की आम्ही. 'वी'मध्ये ऐकणारा धरला आहे की नाही, हे प्रसंग बघूनच कळतं. पोलीस संशयिताला 'आपण काल रात्री तिथे होतो' म्हणाला तर कथानकच बदललं! तीन, तू की तुम्ही. इथे कान उपयोगी पडतो. कोरियन वाक्य 'यो'वर किंवा 'म्निदा'वर संपलं तर आदरार्थी, तसं नसेल तर बहुधा सलगीचं. नायक-नायिका कोणत्या भागात 'यो' सोडतात ते टिपून ठेवा, मराठीतला तू तिथूनच सुरू करा. पहिल्या भागापासून दोघांना तू-तू करायला लावलंत तर सहाव्या भागातल्या त्या क्षणाचं काही उरत नाही.

यासाठी मालिकेगणिक एक तक्ता ठेवायचा: कोण, कोणाला, तू की तुम्ही, कोणत्या भागापासून, नावाचं मराठी लेखन काय. चार जण मिळून भाग वाटून घेत असाल तर तक्ता आधी, भाषांतर नंतर. नाहीतर एकच पात्र एका भागात 'जुन-हो' आणि पुढच्या भागात 'जूनहो'.

टिंबटिंब

मधली सुट्टी यांना अनुमोदन. लांबीबद्दल मी लिहितो.

नेटफ्लिक्सची इंग्रजीसाठीची नियमावली सगळे प्रमाण मानतात: ओळीत ४२ अक्षरं, जास्तीत जास्त २ ओळी, पाटी कमीत कमी ५/६ सेकंद आणि फार तर ७ सेकंद, दोन पाट्यांमध्ये किमान २ फ्रेमची फट. ती फट सोडू नका. ती नसेल तर पाटी बदलली हे डोळ्याला कळतच नाही.

४२ चा आकडा मात्र देवनागरीला जसाच्या तसा लावू नका. सॉफ्टवेअर प्रत्येक मात्रा, प्रत्येक हलन्त वेगळा मोजतं. 'स्त्री' डोळ्याला एक अक्षर, सॉफ्टवेअरला सहा: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. त्यामुळे सहज वाचता येणारी ओळही लांब ठरून सॉफ्टवेअरमध्ये लाल होते. लाल रंग बघून चांगलं वाक्य तोडण्यापेक्षा शब्द मोजा. सेकंदाला दोन-तीन शब्द एवढाच हिशेब ठेवा, जोडाक्षरं जास्त असतील तर दोनच.

मग काटछाट. 'मला असं वाटतं की तू आता इथून निघून जायला हवंस' हे दीड सेकंदात कोणी वाचत नाही. 'तू आता निघ.' बास. चेहरा दिसतोय, आवाज ऐकू येतोय, 'मला असं वाटतं' अभिनयात आहे.

ओळ तोडताना शब्दयोगी अव्ययाला नामापासून वेगळं करू नका. 'त्या जुन्या वाड्याच्या / मागे कोण राहतं?' वाचताना डोळा अडखळतो. 'त्या जुन्या वाड्याच्या मागे / कोण राहतं?' सरळ जातं. 'की', 'पण', 'म्हणून' हे शब्द वरच्या ओळीच्या शेवटी लटकवू नका, खालच्या ओळीच्या सुरुवातीला घ्या.

खिळेजुळारी

फॉन्ट. बारीक रेघेचा फॉन्ट पडद्यावर मरतो. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, मध्यम किंवा सेमीबोल्ड जाडीत. काळी किनार जास्त जाड केली की अनुस्वार आणि रफार शिरोरेषेत बुडतात, म्हणून किनार बेताची ठेवून हलकी सावली द्या. दोन ओळींमधलं अंतर रोमनपेक्षा जास्त लागतं: वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात.

तिरकी अक्षरं टाळा. देवनागरीत ती बहुतेक वेळा यंत्राने नुसती वाकवलेली असतात आणि मात्रा शेजारच्या अक्षरावर आदळतात. फोनवरचा आवाज, मनातला विचार यांना अवतरण पुरतं, गाण्याला ♪.

खास मराठीची दोन दुखणी. 'दऱ्या', 'वाऱ्या' लिहिताना नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य असं टंका. र, हलन्त आणि न दिसणारा जोडक अशी दुसरी पद्धत आहे, पण काही प्लेअर तो जोडक गिळतात आणि 'वाऱ्या'च्या 'वार्या' होतात. दुसरं, 'ॲ' जुन्या टीव्हीवर चौकोन दिसतो. तिथे अ आणि वर चंद्र असं दोन कळांनी लिहिलं की बहुधा निभतं.

रात्रपाळी

यंत्राकडून करून घेणाऱ्यांसाठी कोणी लिहील का? रोज एक जण विचारतो.

अर्धवट

लिहितो. पूर्ण एसआरटी गूगल ट्रान्सलेटमध्ये ओतू नका. बाणाची एक रेघ खाल्ली जाते, कधी आकड्यांमध्ये जागा पडते, आणि फाइल बाद. सबटायटल एडिटमधली भाषांतराची सोय वापरा, ती वेळांना हात लावत नाही. बाहेर येणारा मजकूर कच्चा माल समजा. वर सांगितलेले लिंग, आपण-आम्ही, तू-तुम्ही हे तिन्ही घोळ त्यात ठासून भरलेले असतात.

मराठी चित्रफितीवरून मराठीच पाट्या हव्या असतील तर ओपनएआयचं व्हिस्पर (२०२२) हे बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं सॉफ्टवेअर मराठी ओळखतं. पार्श्वसंगीत आणि शांतता या दोन जागी ते मनाचं लिहितं: कोणी न बोललेलं वाक्य, नाहीतर एकच ओळ दहा वेळा. म्हणून आधी संगीतापासून आवाज वेगळा काढा, मग द्या. नंतर पहिला हात त्या जागांवर फिरवायचा.

कायदेबाज

रंगाचा बेरंग करतो, पण लिहायला हवं. भारताच्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) भाषांतराचा हक्क मूळ हक्कधारकाकडेच आहे. 'आम्ही व्हिडिओ देत नाही, फक्त पाट्या देतो' हा बचाव ॲमस्टरडॅमच्या न्यायालयात २०१७ मध्ये चाहत्यांच्याच संघटनेने करून पाहिला आणि हरली. यूट्यूबवर दुसऱ्याच्या व्हिडिओला प्रेक्षकांनी पाट्या जोडायची सोयही सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाली. आता वाहिनीच्या मालकाला फाइल पाठवायची आणि त्याने चढवायची, हा सरळ रस्ता. छोट्या मराठी वाहिन्या बहुधा आनंदाने घेतात.

चष्मिष्ट

टीव्हीचं राहिलं. पेनड्राइव्हवरून बघताना व्हिडिओ आणि एसआरटी या दोन्ही फाइलींचं नाव तंतोतंत एक हवं, फक्त टिंबानंतरचं शेपूट वेगळं. तरी चौकोन दिसले तर टीव्हीत देवनागरी फॉन्टच नाही. मग हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये सबटायटल्सच्या टॅबवर एसआरटी आणा, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, 'बर्न इन'वर खूण करा, दर्जाचा आकडा २० ते २२ ठेवा. पाट्या चित्रातच छापल्या जातात. नंतर चूक सापडली तर सगळं पुन्हा, म्हणून आधी दोन मिनिटांचा तुकडा काढून त्याच टीव्हीवर, नेहमीच्या सोफ्यावरून वाचून बघा. ज्यांच्यासाठी करताय त्यांच्या चष्म्याला झेपेल एवढा आकार तिथेच ठरतो.