केबल बंद करून फक्त ओटीटीवर भागेल का? (गोरेगाव पश्चिम)

चौथा_मजला: घरी मराठी मालिका, बातम्या आणि भारताचे क्रिकेट सामने एवढंच बघतात. टीव्ही अँड्रॉइड, 8 जीबी स्टोरेजचा. ब्रॉडबँड 100 एमबीपीएस, राउटर आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती. मालिका उशिरा बघायला कुणाची ना नाही. लाइव्हचं काय करायचं? केबल तोडू का?

लॅनवाला: मालिकांचं टेन्शन घेऊ नका. झी मराठी झी5वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, सोनी मराठी सोनीलिव्हवर. बातम्यांना पैसेच नकोत, एबीपी माझा यूट्यूबवर लाइव्ह चालू असतं.

खरी गोम वायफायमध्ये आहे. एचडीला 5 ते 8 एमबीपीएस पुरतात, 4के धरलं तरी 25. म्हणजे 100चा प्लॅन भरपूर झाला. पण बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या राउटरची वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यावर गर्दी असते, आणि दुसरा 5 गिगाहर्ट्झचा पट्टा आरसीसीच्या दोन भिंतींपलीकडे जेमतेम पोचतं. रात्री आठनंतर गोल चक्र फिरायला लागलं की लोक प्लॅन वाढवतात. पैसे पाण्यात. त्यापेक्षा राउटरपासून टीव्हीपर्यंत कॅट 6 (नेटची केबल) वायर ओढा. टीव्हीचं लॅन पोर्ट, म्हणजे ती वायर लावायची जागा, बहुतेक वेळा 100 एमबीपीएसचंच असतं, तेवढं पुरे.

8 जीबीतली बरीच जागा सिस्टिमच खाते. अ‍ॅप अडकायला लागलं तर सेटिंग्जमधून त्याची कॅशे (साठलेला तात्पुरता डेटा) साफ करा, नको असलेली अ‍ॅप काढून टाका.

एलएनबी_काका: क्रिकेटचं दुखणं वेगळं. ओटीटीवर व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात आणि प्लेयर दोन-तीन तुकडे साठवून मगच दाखवायला लागतो. त्यामुळे केबलपेक्षा 20-40 सेकंद मागे. शेजारी ‘आउट’ म्हणून ओरडतात तेव्हा तुमच्याकडे बोलर अजून रनअपवर! नेट कितीही वेगवान घ्या, हे जात नाही.

फुकटातला उपाय डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची बिनाभाड्याची डिश सेवा. 2007च्या कायद्यानुसार भारताच्या वनडे, टी20चा सिग्नल प्रसार भारतीला (दूरदर्शन चालवणारी सरकारी संस्था) द्यावा लागतो. मात्र 2017च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तो दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दिसतो. केबलवर डीडी स्पोर्ट्स लावून बसाल तर सामना दिसणार नाही. आयपीएल यात येत नाही.

बॉक्स एमपीईजी-4 (व्हिडिओ दाबून पाठवायची नवी पद्धत) चालणारा घ्या, जुन्या एमपीईजी-2वर काही चॅनेल येत नाहीत. उपग्रह जीसॅट-15, 93.5 अंश पूर्व. मुंबईतून डिशचं तोंड आग्नेयेला, उत्तरेपासून साधारण 131 अंशांवर, आणि उंचीचा कोन 57-58 अंश. एलएनबीच्या (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) कनेक्टरवर वॉटरप्रूफ टेप गुंडाळा आणि वायरला खाली एक झोळ ठेवा, म्हणजे पाणी आत न जाता तिथून टपकेल. तरी जुलैत धो धो कोसळला की चित्र जाणारच, केयू बँडचा (डिशचा सिग्नल ज्या लहरींवर येतो तो पट्टा) तो स्वभाव आहे.

चौथा_मजला: बाल्कनी पश्चिमेला आहे.

एलएनबी_काका: मग गच्चीशिवाय इलाज नाही. आधी सोसायटीला पत्र द्या. वायर आरजी-6च (डिशची जाड कोॲक्सियल वायर) घ्या, चार मजले उतरायचं म्हणजे साध्या वायरीत सिग्नल बराच पडतो.

पॅक_बदला: एवढा खटाटोप कशाला? केबलच ठेवा, 2019पासून चॅनेल सुटे निवडता येतात. मोठं पॅक काढा, फ्री चॅनेल ठेवा, क्रिकेटची मालिका असेल त्या महिन्यापुरतं एक स्पोर्ट्स चॅनेल जोडा. नेटवर्क फी (चॅनेलच्या पैशांव्यतिरिक्त जोडणीचे दरमहा पैसे) मात्र विचारून घ्या. पूर्वी 130 रुपये अधिक जीएसटी ही मर्यादा होती, 2024मध्ये ती उठली, आता ऑपरेटरगणिक आकडा वेगळा.

आणि पुढे केबल तोडलीच, तर बॉक्ससोबत रिमोट आणि अ‍ॅडॉप्टरही द्या, आणि व्हीसी (बॉक्सच्या व्ह्यूइंग कार्डचा) नंबर लिहिलेली पावती घेतल्याशिवाय बॉक्स हातातून सोडू नका. नाहीतर डिपॉझिट विसरा.