तीन दिवसांत अंदमान : बेत तपासून हवा आहे

चेन्नईकर
आम्ही नोकरीनिमित्त चेन्नईत राहतो. फेब्रुवारीच्या मध्यास साताऱ्याहून आई-बाबा येणार असून, त्यांना आणि नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन शुक्रवार ते रविवार अंदमानला जाण्याचा विचार आहे. शुक्रवारी सकाळी उतरताच बोटीने स्वराज द्वीप (पूर्वीचे हॅवलॉक), शनिवारी शहीद द्वीप (पूर्वीचे नील), रविवारी पोर्ट ब्लेअरला परत येऊन सेल्युलर जेल आणि त्याच दिवशी विमान, असा बेत आखला आहे. बाबांची सगळी ओढ सावरकरांच्या कोठडीची आहे. मात्र त्यांचे गुडघे दुखतात. यात काही चुकत असल्यास कृपया सांगावे.

बंदरवाट
ज्या जागेसाठी बाबा एवढ्या लांब येणार, तीच आपण सर्वांत शेवटी आणि तीही बोटीच्या भरवशावर ठेवली आहे. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात. फेब्रुवारीत तशी शक्यता कमी असली तरी बोटीतून उतरून त्याच दिवशी विमान गाठण्याचा धोका वडीलधारी माणसे सोबत असताना पत्करू नये. जेल शुक्रवारीच पाहावा. सोमवारी तो बंद असतो, त्यामुळे मुक्काम एक दिवस वाढवला तरी हाच क्रम योग्य ठरेल. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूच्या सात शाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर असल्याने जिने चढावे लागतात; तेव्हा सकाळच्या प्रवासानंतर बाबांना थोडी विश्रांती देऊन, मग सावकाश जावे. अंगणात बसून होणारा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम त्याच संध्याकाळी पाहता येईल.

आणखी एक गोष्ट नकाशावर लक्षात येत नाही. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचेच असले तरी अंदमान चेन्नईच्या पूर्वेला सुमारे १२ अंश आहे, म्हणजे सूर्य तिथे जवळजवळ ५० मिनिटे आधी मावळतो. फेब्रुवारीत साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होत असल्याने ‘चारला निघू’ म्हणणाऱ्यांना स्वराज द्वीपवरील राधानगरच्या किनाऱ्यावर अंधारच भेटतो. शनिवारी सकाळच्या बोटीने स्वराज द्वीपला जाऊन दुपारी लवकरच राधानगर गाठावे. तो किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. शहीद द्वीप या खेपेस सोडूनच द्यावे, कारण तिसऱ्या बेटाने फक्त धक्क्यावरच्या रांगा वाढतील.

खारा वारा
माझे मत थोडे वेगळे आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दोन दिवसांत दोनदा बोटीत चढवण्याऐवजी स्वराज द्वीपच का वगळू नये? पोर्ट ब्लेअरच्या अबर्डीन जेट्टीवरून काही मिनिटांच्या अंतरावर पूर्वीचे रॉस, म्हणजे आताचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. ब्रिटिशांच्या पडक्या इमारतींना झाडांच्या मुळांनी कवटाळलेले आणि हरणे मोकळी हिंडणारे ते बेट मुलीला नक्कीच आवडेल. सूर्यास्तासाठी पोर्ट ब्लेअरजवळच्या चिडिया टापूपर्यंत मोटारीने जाता येते. कोणी स्कूबा (हवेची टाकी घेऊन समुद्रात बुडी) करणार असेल, तर त्यानंतर किमान १८ तास, शक्यतो पूर्ण दिवस, विमानात बसू नये. तीन दिवसांच्या सहलीत हे गणित सहसा बसत नाही.

प्रवाळप्रेमी
सर्वांची मूळ ओळखपत्रे जवळ ठेवावीत आणि थोडी रोख रक्कमही घ्यावी. मुलीला आधीच सांगून ठेवावे की प्रवाळाचा तुकडा उचलून आणायचा नसतो. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. तिकिटे शोधताना गोंधळू नये, पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले असले तरी जुने नाव अजून सर्रास दिसते.

चेन्नईकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. सोमवारची रजा टाकली असून परतीचे विमान त्या दिवशी दुपारचे घेत आहोत. शुक्रवारी जेल, शनिवारी स्वराज द्वीप, रविवारी दुपारच्या बोटीने परत आणि रात्रीचा मुक्काम पोर्ट ब्लेअरला, असे ठरले. रॉसचा पर्याय बाबांना सांगितला, तेव्हा ते म्हणाले की जेल पाहून झाल्यावर मला कुठेही न्या, मी झाडाखाली बसून राहीन. म्हणून स्वराज द्वीपचा बेत कायम ठेवला. बोटीत त्यांना खिडकीची जागा मिळेल का, एवढेच आता विचारायचे राहिले आहे.

बंदरवाट
खाजगी बोटीत बहुधा आरक्षणाच्या वेळी आसन निवडता येते. मात्र बोट लागू नये यासाठी खिडकीपेक्षा मधल्या भागातले आसन बरे. तिथे हेलकावे कमी जाणवतात.