विषय: पिकअप ट्रकच्या हौद्यावरचं मोटरने सरकणारं कव्हर अडकलंय, ढोल आत!

मंडळी, शनिवारी शिवजयंतीचा कार्यक्रम, उद्या सराव, आणि कव्हर दीड फूट उघडून थांबतंय. बटण दाबलं की डावी बाजू बोटभर सरकते, उजवी जागची हलत नाही, मग मोटर आपोआप बंद. दुकानदार म्हणतो बॅटरी. ती डिसेंबरातच नवी टाकलीय. कुणाला जमेल का?
— साहित्य समिती

> थंडीने ॲल्युमिनियम आक्रसून रुळात आवळलं असणार. गॅरेजमध्ये घ्या.
— कँटनहून (मिशिगन)

आवळेल कसं? उणे १२ अंशाला कव्हरची दीड मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी सुमारे १ मिमी आखडते, पोलादी हौदा त्याच्या निम्मा. म्हणजे फट उलट वाढते. बॅटरी कमी असती तर दोन्ही बाजू सारख्याच मंद झाल्या असत्या.

दोष रचनेतच आहे. ओढणारा पट्टा फक्त डाव्या रुळात. उजवी कडा नुसती मागून फरपटत येते. कव्हर पाच फूट रुंद आणि टोकाच्या पट्टीला रुळात आधार जेमतेम दोन इंच. टेबलाचा रुंद खण एका कोपऱ्याला धरून ओढा, तस्साच तिरका होतो. मग मोटरचा करंट वाढतो, कंट्रोलरला वाटतं कुणाचा हात अडकला, आणि तो बंद करतो.

पण पानगळीत चालत होतं, मग आत्ताच का? दादा, तुमच्या ड्राइव्हवेवर गाडी उजवीकडे कलते ना? पाणी तिकडेच साचून गोठत असेल, त्या कोपऱ्यातला पाणी जायचा पाइप आधी बघा.
— नोव्हायहून

खणाचं अगदी पटलं. नाशिकला आमच्या दुकानाचं शटर बाबा कायम मधोमध आकडा लावून ओढायचे. मी घाईत एका कडेने ओढलं की हमखास अडकायचं. रुळाला ते मेण लावायचे, तेल कधीच नाही, तेलाला धूळ धरते.
— ट्रॉयहून

कृपा करून गरम पाणी ओतू नका! ढोलांची पानं चामड्याची आहेत, ओल लागली की उतरतात, सैल पडतात. आणि ढोल गाडीत ठेवायचे नाहीत हे गणपतीनंतरच ठरलं होतं. चावी पथकाकडे हवी.
— ढोल पथक

चावीचं बैठकीत बोलू, ताई. पाइपात मेपलची पानं गच्च बसली होती आणि उजव्या रुळात वीतभर बर्फ. हेअर ड्रायरने वीस मिनिटं शेकलं, मुलाने उजवी कडा हाताने ढकलत ठेवली आणि मी बटण दाबलं. उघडलं! ढोल कोरडे आहेत, एका ताशाच्या दोऱ्या ओल्या. नोव्हायचे दादा, डाव्या पट्ट्याचे फोटो पाठवतो, उजवीकडे दुसरा बसवता येईल का बघा. उद्या सातला सराव.
— साहित्य समिती