जंताचा जीन कापला म्हणे, आता हत्तीरोग संपला!

काचेची_सुई
काल 'उद्याचं_विज्ञान' यांनी जे टाकलंय ते वाचून माझी झोप उडाली. थोडक्यात म्हणणं असं, की क्रिस्पर, म्हणजे जीन कापायची कात्री, आलंय, जंतांचे जीनोम, म्हणजे अख्खा डीएनए, वाचून झालेत, आता एक जीन कापायचा की हत्तीरोग आणि आतड्यातला हुकवर्म पाच वर्षांत गायब, घरोघरी गोळ्या वाटणं हा जुना जमाना. अहो, ह्याच किड्यांपायी मी सहा वर्षं घालवलीत, त्यामुळे लांबण लागणार, आधीच सांगते.

सगळी ऐट सी. एलेगन्सच्या जिवावर आहे. तो सडक्या फळांत राहणारा, कुणाच्या पोटात न शिरणारा किडा, तीन-चार दिवसांत पुढची पिढी, आणि बॅक्टेरियात भरून एखाद्या जीनशी जुळणारा दुहेरी धाग्याचा (डबल-स्ट्रँडेड) आरएनए खायला घातला की नेमका तोच जीन गप्प. १९९८ ला फायर आणि मेलो या शास्त्रज्ञांनी आरएनएची ही किमया दाखवली, २००६ ला नोबेल. सगळ्यांना वाटलं आता हेच उचलून परजीवींना लावू. लावलं की. हिमॉन्कस म्हणजे शेळ्यामेंढ्यांच्या पोटात रक्त पिणारा, त्याच्या अळ्या मी आरएनएत भिजवल्या, विजेचे झटके दिले. ट्युब्युलिनचा, म्हणजे पेशीच्या सांगाड्यातल्या प्रथिनाचा, जीन थोडा दबला, बाकी चार जीन ढिम्म. पुढच्या महिन्यात तोच प्रयोग परत, तर ट्युब्युलिनही ढिम्म.

क्रिस्पर जमलं ते स्ट्राँगिलॉइडिस या आतड्यातल्या परजीवी जंतामध्ये, २०१७ ला. का जमलं, तर त्याची एक पिढी अंगाबाहेर, विष्ठेत जगते. त्यातली मादी अगरच्या वाळलेल्या थेंबावर चिकटवायची, वर तेलाचा थेंब, आणि काचेच्या सुईने तिच्या बीजकोशात मिश्रण सोडायचं. हात हलला की मादी फुटते, वेळ लावला की सुकते. आपल्याकडे हत्तीरोग करते ती वुचेरेरिया. तिची मादी माणसाच्या लसिकावाहिनीत वर्षानुवर्षं ठाण मांडून बसते, तिला सुई कोण टोचणार? आणि समजा टोचली, तरी कापलेला जीन माझ्या डिशमधल्या किड्यात आहे, तुमच्या पायातल्या किड्यात तो जाणार कसा?

उद्याचं_विज्ञान
ताई एवढं चिडायला काय झालं? २०१९ ला शिस्टोसोमा या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या जंतातही क्रिस्पर झालं, ते सोयीस्कर विसरलात. आपले लोक जमणार नाही जमणार नाही करत बसतात नि बाहेरचे करून मोकळे होतात.

काचेची_सुई
विसरले नाही. अंड्यांत एक जीन कापला, तोही थोड्याच पेशींत, त्यातून बदललेली वंशावळ उभी राहिली नाही. काम भारीच आहे, पण त्यावरून गोळ्या बंद करायला निघालात म्हणून चिडले.

गाळणीवाले_काका
मॅडम, तुम्ही चिडलात ते योग्यच, पण तुम्हीही शेवटी सुईवरच येता. मी विदर्भात तीस वर्षं हत्तीरोगाचं काम केलं. रात्री दहा ते दोन दारं ठोठावून बोटाचं रक्त घ्यायचं, कारण हा किडा रक्तात रात्रीच येतो. कुणी कुत्रं सोडतं, कुणी म्हणतं रक्त विकता काय. गोळी हातात दिली की खिशात जाते, म्हणून समोर उभं राहून गिळवायची. ह्याला कुठला जीन लागला?
आणि नारू, तो पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरणारा लांब जंत? माझ्या आजोबांच्या पोटरीतून नारू काडीला गुंडाळून रोज बोटभर काढताना मी पाहिलंय. १९९६ नंतर देशात एक केस नाही, २००० साली नारूमुक्तीचं प्रमाणपत्र. फडक्याने गाळलेलं पाणी, पायऱ्यांच्या विहिरी बंद, पाण्यात औषध, एवढ्यावर गेला. तुमचं क्रिस्पर तेव्हा जन्मलं पण नव्हतं.

नुसता_डेटा
काका, आदर ठेवून सांगतो, अर्धीच गोष्ट सांगितलीत. आफ्रिकेतल्या चाडमध्ये दहाएक वर्षं नारू नव्हता, २०१० ला परत आला आणि २०१२ पासून कुत्र्यांत सापडायला लागला. कुत्र्यांचा नारू वेगळा की माणसांचाच, हे फडक्याने कळणार होतं का? डीएनए तपासल्यावर कळलं की तोच. मग पाण्यात जाऊ नयेत म्हणून कुत्री बांधायला लागले, त्यांनी खाऊ नयेत म्हणून मासळीची आतडी पुरायला लागले. सीक्वेन्सिंग नसतं तर अजून माणसांचंच पाणी गाळत बसले असते.

गाळणीवाले_काका
बरं बाबा, कुत्र्याचं मान्य. पण कुत्रं बांधायला माणूसच गेला ना, का तुझा कॉम्प्युटर गेला?

उस्मानाबादी
मी शेळीपालक हाय. तुमचं माणसाचं चालू द्या, पण ह्या रक्त पिणाऱ्या जंताचं मला सांगा. साठ शेळ्या हैत. दर दोन महिन्याला अल्बेंडाझोल पाजतो, कंपनी बदलून पाजलं, तरी पावसाळा संपता संपता पापणी पांढरी पडती, गळ्याखाली पाणी उतरतंय आणि सकाळी शेळी मेलेली. दुकानदार म्हणतो औषध भारी हाय, डॉक्टर म्हणत्यात तुम्ही नीट पाजत न्हाई. साठ शेळ्यांची तोंडं फाकवून दाखवू का आता?

पळसपापडी
केमिकल पाजून पाजून जनावर आतून पोखरतं, दुसरं काय. आमची आजी वावडिंग आणि पळसपापडी गुळातून द्यायची, जंत नावाला नसायचे. हे ज्ञान आपल्याकडे होतं, पण त्यावर पेटंट मिळत नाही म्हणून कुणी बोलत नाही.

उस्मानाबादी
पाजली. पळसपापडी बी पाजली, कडुनिंब बी पाजला. अकरा पिल्लं होती, चार राह्यली. तुमच्या आजीकडं किती शेळ्या होत्या, दोन?

पळसपापडी
आजीवर जायचं काम नाही. मात्रा चुकली असेल तर त्यात औषधाचा दोष नाही.

उस्मानाबादी
हेच डॉक्टर बी म्हणतो, हेच दुकानदार बी म्हणतो. सगळ्यांची मात्रा बरुबर, फकस्त माझीच चुकती!

नुसता_डेटा
धागा जंतांच्या जेनेटिक्सचा होता, आता शेळीपालन झालंय. कुणीतरी आवरा.

काचेची_सुई
नाही आवरणार. ह्या दादांच्या शेळ्यांपुढे माझी सहा वर्षं पोकळ वाटतात, आणि जेनेटिक्स इथेच तर आहे. अल्बेंडाझोलच्या घराण्यातलं पहिलं औषध थायाबेंडाझोल १९६१ ला बाजारात आलं, १९६४ ला हिमॉन्कस त्याला दाद देईना. ट्युब्युलिनमध्ये २०० नंबरच्या जागी एक अमिनो आम्ल बदललं की गोळी तिथे बसतच नाही. हे पक्कं कसं झालं माहितीये? हिमॉन्कसमध्ये काही करता येईना, म्हणून त्याचा ट्युब्युलिन जीन उचलून सी. एलेगन्समध्ये घातला आणि तिथे पाहिलं. उसनवारीच, पण कामाची. आता लेंड्यांतल्या अळ्यांचा डीएनए वाचून कळपात किती जंत असे कोडगे झालेत ते सांगता येतं.
आणि दादा, कंपनी बदलून उपयोग नाही, आत तेच अल्बेंडाझोल. शिवाय शेळीच्या अंगातून ते मेंढीपेक्षा लवकर बाहेर पडतं, मेंढीच्या मापाने पाजलं तर कमी पडतं आणि जंत शिकून बसतात. डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या, गाभण असेल तर विचारल्याशिवाय अजिबात नको.

उद्याचं_विज्ञान
म्हणजे जेनेटिक्स उपयोगी आहे. मी तेच म्हणत होतो.

काचेची_सुई
तुम्ही पाच वर्षांत गायब म्हणत होतात. पण घ्या, आजच्यापुरतं तुमचं बरोबर.

नुसता_डेटा
काका, तुमच्यासाठी अजून एक. हत्तीरोग पसरवणारे क्युलेक्स डास पकडून त्यांच्या पोटात वुचेरेरियाचा डीएनए आहे का ते पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या चाचणीने, बघतात. रात्री दोन वाजता कुणाचं दार वाजवायला नको.

गाळणीवाले_काका
माझी उमेद संपल्यावर सांगताय होय. तीस वर्षं कुत्री चावून घेतली मी. चांगलं आहे, करा. पण डास पकडायचा पिंजरा संध्याकाळी गटाराशी लावायचा आणि सकाळी आणायचा, ते कोण करणार? परत माझ्यासारखाच कुणीतरी कंत्राटी, तीन महिने पगार थकलेला.

नुसता_डेटा
यावर माझ्याकडे उत्तर नाही.

गाळणीवाले_काका
नसणारच.

उस्मानाबादी
ताई, लेंड्या ताज्या लागत्यात का वाळलेल्या चालत्यात?

काचेची_सुई
ताज्याच. हातमोजा घालून थेट शेळीतून काढा, जमिनीवरच्या नकोत. दहा-पंधरा शेळ्या निवडा, पाजायच्या दिवशी एकदा आणि चौदा दिवसांनी परत त्याच शेळ्यांच्या घ्या, दरवेळी वेगळी पिशवी, वर नंबर. औषधाने जंतांची अंडी कमी झाली का ते मोजायला पशुवैद्यकीय प्रयोगशाळा पुरते, डीएनए नंतर. एका दिवसात पोचणार नसतील तर फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको.

उस्मानाबादी
फ्रीजमधी ठिवल्या तर बायको मलाच पिशवीत भरंल, वर नंबर टाकून.