धागा: निर्वासितांच्या छावणीत चर्चची माणसं नक्की करतात काय?

वसईची_लेक
परवा दुसऱ्या एका धाग्यावर बिनधास्तनानांनी लिहिलं की चर्चवाले थायलंडच्या छावणीत जाऊन गिटार वाजवतात, पोरांबरोबर फोटो काढतात, जमलं तर बाटवतात आणि याला 'सोबत करणं' म्हणतात. तिथं दोन ओळी खरडल्या, पण डोक्यातून जाईना, म्हणून हा वेगळा धागा.

नाना, माझी आत्या सिस्टर आहे. बरीच वर्षं ती थायलंडच्या सीमेवरच्या माए सोत गावात राहून जवळच्या माए ला छावणीत जायची. म्यानमारमधून पळून आलेले करेन जमातीचे लोक राहतात तिथं. सकाळी नाक्यावर पास दाखवायचा, संध्याकाळ व्हायच्या आत बाहेर. पक्क्या बांधकामाला परवानगी नाही, म्हणून शाळासुद्धा बांबूची, वर पानांचं छप्पर. पावसाळ्याआधी ते शाकारायचं राहिलं की वह्या पोटाशी धरून पोरं कोपऱ्यात. आत्याचं काम करेन शिक्षिका तयार करायचं. २००५ पासून तिथल्या लोकांना अमेरिकेत वसवायला लागले आणि शिकलेल्या बाया आधी गेल्या. हिनं पुन्हा नव्या मुली धरल्या, पुन्हा श्रीगणेशा. यात सहल कुठं दिसली तुम्हाला?

आणि बाटवण्याचं म्हणाल तर करेनांमध्ये बाप्टिस्ट हा ख्रिस्ती पंथ १८२८ पासून आहे. छावणीत त्यांची स्वतःची बायबल शाळा आहे. त्यांना बाटवायला वसईहून कॅथलिक सिस्टर कशाला जाईल?

बिनधास्तनाना
सिस्टरना नमस्कार, मनापासून. पण पोरी, तू बोलतेस वर्षानुवर्षं राहणाऱ्यांबद्दल आणि मी बोलतोय दोन आठवडेवाल्यांबद्दल. माझा मुलगा बँकॉकला असतो. त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा विमानतळावर एकसारखे टी-शर्ट घातलेला अख्खा जथा बघितला. पुढ्यात खोकी, खोक्यांत जुने कपडे. त्यात लोकरी स्वेटर! थायलंडला! त्या तिकिटांच्या पैशात तिथल्याच चार शिक्षिकांचे पगार निघाले असते.

शिवाय माए लात बौद्ध आहेत, मुसलमानही बरेच आहेत. ते सोयीस्कर गाळलंस.

जुना_वाचक
नाना, स्वेटरांबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर. पण त्या थायलंड-म्यानमार सीमेवर १९८४ मध्ये पहिल्यांदा तांदूळ पोचवला तो बँकॉकमधल्या ख्रिस्ती संस्थांच्या गटानंच, आणि वाटप स्वतःच्या हातात न ठेवता करेनांच्याच समितीकडे दिलं. तांदूळ, मीठ, मिरची, डाळ, माशांची चटणी, सगळ्याचा हिशेब निर्वासितांकडे. आपल्याकडे किती संस्था असं करतात?

आणि सोबतीचा अर्थ फक्त शिकवणं नाही. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरचे हजारो निर्वासित होंडुरासमधल्या मेसा ग्रांदे छावणीत होते. १९८७ मध्ये चार हजारांवर लोक युद्ध चालू असतानाच गावी परत निघाले, तेव्हा परदेशी चर्चची माणसं त्यांच्याबरोबर गेली. कारण साधं. अमेरिकेच्या मदतीवर चालणाऱ्या तिथल्या लष्करानं हात उचलला तर दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनला फोन गेला असता.

रोखठोक_रेवती
म्हणजे गोऱ्या पासपोर्टाच्या आडोशाला उभं राहिलं तरच गरिबाचा जीव वाचणार! यात अभिमान कसला? उलट लाज वाटायला हवी. आणि तो आडोसाही दर वेळी पुरत नाही. त्याच एल साल्वाडोरमध्ये २ डिसेंबर १९८० ला तिथल्याच सरकारच्या नॅशनल गार्डच्या जवानांनी चार अमेरिकी बायकांना मारलं. तीन सिस्टर आणि जीन डोनोव्हन, २७ वर्षांची साधी स्वयंसेविका. विस्थापितांसाठीच राबत होत्या.

जुना_वाचक
लाज वाटायला हवी ती लष्कराला आणि त्याला बंदुका पुरवणाऱ्यांना. त्या बायकांना कशाला? त्यांना धोका ठाऊक होता, तरी त्या परत फिरल्या नाहीत. आणि सगळे गोरे नसतात हो. फादर प्रेम कुमार आपले तमिळनाडूचे. जेझुइट या कॅथलिक संघाच्या निर्वासित सेवेचं अफगाणिस्तानातलं काम बघायचे. २०१४ मध्ये हेरातजवळच्या शाळेतून बंदूकधाऱ्यांनी पळवून नेलं, आठ महिन्यांनी सुटले.

कोयनेकाठचा
थायलंड झालं, एल साल्वाडोर झालं. आता इकडं बघा जरा. कोयना धरणात आमचं गाव गेलं. आजोबांना रायगडात आणून टाकलं. जमीन दिली म्हणे. सातबारावर अजून आधीच्याच मालकाचं नाव. घरात एक पिशवी आहे, नुसत्या पोचपावत्यांची. अर्जाची पोच मिळते, उत्तर मिळत नाही. आमच्यासोबत राहायला कुठला फादर आला, की कुठला स्वामी, की कुठला मौलवी?

बिनधास्तनाना
हेच म्हणतोय मी! आधी घरचं बघा.

कोयनेकाठचा
नाना, तुम्ही मध्ये पडू नका. घरचं बघणाऱ्यांत तुम्हीही नव्हता. पुण्यामुंबईचे दिवे कोयनेच्या विजेवर लागले.

रोखठोक_रेवती
कोणीच आलं नाही हे मात्र खोटं आहे, दादा. धरणग्रस्तांसाठी लढणारे श्रमिक मुक्ती दलवाले कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते, त्यांचे नेते भारत पाटणकर स्वतः. तिकडं नर्मदेकाठी मणिबेली गावात सरदार सरोवराचं पाणी चढलं तेव्हा गावकऱ्यांबरोबर बाहेरची पोरं उभी होतीच.

कोयनेकाठचा
ठिय्या कधी? २०१८. धरण साठच्या दशकातलं. पुनर्वसनाचा कायदाच १९७६ चा, आमच्या उठण्यानंतर. मधली सगळी वर्षं कोण होतं ते सांगा. आणि 'दादा' म्हणून खोटं ठरवायचं, ही कुठली पद्धत?

रोखठोक_रेवती
बरं, खोटं नाही, अर्धवट. झालं समाधान?

कोयनेकाठचा
आजोबा मेले तेव्हा उशाशी ती पिशवी होती. तुम्ही अर्धवट म्हणा, नाहीतर पाव म्हणा.

वसईची_लेक
दादा, तुमच्या पिशवीबद्दल काय बोलणार. पण आत्या करेनांकडे गेली म्हणून कोयनेला कोणी आलं नाही, असं थोडंच आहे? तुमच्याकडं न आलेल्यांचा राग आलेल्यांवर का काढता? आणि तुमच्याबरोबर कचेरीत तास न् तास बसणारं एखादं माणूस असतं तर तुम्हीच त्याला सहल म्हणाला असतात का?

कोयनेकाठचा
बसणारं असतं तर चहा पाजला असता, ताई. टी-शर्टवालं असतं तर हाकललं असतं.

बिनधास्तनाना
ऐका! मी वेगळं काय म्हणत होतो? चला, वर्षभर तरी राहणार असेल त्याला माझी हरकत नाही. लेखी हवं असेल तर पोचपावतीसुद्धा देतो.

कोयनेकाठचा
पोचपावतीवर विनोद नको, नाना.

जुना_वाचक
मूळ विषयावर एक. अमेरिकेचा निधी आटल्यावर जुलै २०२५ नंतर त्या छावण्यांतल्या बहुतेक कुटुंबांचं रेशन थांबलं. ऑगस्टमध्ये थाई सरकारनं त्यांना बाहेर काम करायची परवानगी द्यायचं ठरवलं. जवळजवळ चाळीस वर्षांनी. आता तिथं गिटार नकोच आहे आणि स्वेटर तर नकोतच. ज्याला थाई वाचता येतं आणि जो मजुरीचा करार समजावून मालकासमोर उभा राहील, असा माणूस हवा.

वसईची_लेक
आत्याला थाई उत्तम येतं. गुडघे साथ देत नाहीत. तिनं शिकवलेल्या दोघी तिथंच आहेत, अमेरिकेला न गेलेल्या. त्यांचंच हे काम चाललंय. आणि नाना, त्यातली एक बौद्ध आहे, अजूनही.

बिनधास्तनाना
बरं बाई. तेवढ्यापुरता गप्प बसतो. स्वेटरांवर मात्र बोलणारच.